विम्याचा हप्ता आणि कलम ४५

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या मेहुण्यांच्या एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसीत हप्ता भरभक्कम असूनही विमा रक्कम जेमतेम आहे, कारण हप्त्यातला मोठा भाग बचतीकडे जातो; मुदत विम्यात (टर्म इन्शुरन्समध्ये) मात्र मुदत संपेपर्यंत माणूस हयात राहिल्यास काहीच परत मिळत नाही आणि म्हणूनच तो स्वस्त पडतो. (त्याला ‘पैसे बुडाले’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.) कागदपत्र हाती पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. त्याहून मोलाचे संरक्षण विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ चे वाटते : पॉलिसी सुरू झाल्यापासून, किंवा बंद पडून पुन्हा चालू केल्यापासून, ३ वर्षे उलटली की ग्राहकाने माहिती दडवल्याचे कारण दावा नाकारण्यासाठी कंपनीला पुढे करता येत नाही. तरीही दावा अडलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग कोल्हापूरकरांनी पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जावे; तिथे शुल्क लागत नाही.