कंपनीचा औषधखर्च आणि कुड्याचं झाड

'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या बारा खंडी ग्रंथाचं (ॲम्स्टरडॅम, १६७८ ते १६९३) कौतुक वनस्पतिशास्त्रवाले करतात, पण त्याचं मूळ कंपनीच्या हिशेबात आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी आपल्या शिपायांसाठी आणि खलाशांसाठी औषधं हॉलंडहून मागवायची. कित्येक महिने जहाजाच्या दमट कोठारात पडून बराचसा माल सत्त्व जाऊनच उतरायचा. त्यातली कित्येक औषधं तर मुळात आशियातलीच, व्यापाऱ्यांच्या हातांतून युरोपला जाऊन महाग होऊन परत आलेली! हे मलबारचा डच कमांडर हेंड्रिक व्हान रेडे याच्या डोळ्यांत भरलं. राजकारणही होतंच. त्याचा वरिष्ठ व्हान खून्स सिलोनचं घोडं पुढे दामटत होता. रेडेला कोचीचं महत्त्व दाखवायचं होतं.

झाडांची माहिती दिली ती मुख्यतः इट्टी अच्युदन या ईळव जातीच्या वैद्याने. ती पडताळली रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी. माणसं पाठवून पानं, फुलं, फळं आणवायची, चित्रकारांनी ती रेखाटायची, मजकूर मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये आणि शेवटी लॅटिनमध्ये न्यायचा, असं ते काम. सातशेहून जास्त वनस्पती झाल्या. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांत लॅटिन, मल्याळम आणि अरबी लिपीशेजारी नागरीतली कोकणी नावंही आहेत. त्या तिघांचं कोकणी प्रमाणपत्रही पहिल्या खंडात नागरीतच आहे. तारीख २० एप्रिल १६७५.

पद्धत पक्की, पण वाळवलेले नमुने ग्रंथासोबत जात नव्हते. पुढच्यांच्या हाती आलं ते चित्र आणि वर्णन. त्याचा फटका कुड्याला बसला. पहिल्या खंडातला 'कोडग-पाला' म्हणजे आपला पांढरा कुडा, आवेवरचं औषध. आव हा जहाजावरचा नेहमीचा रोग, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने सोन्यासारखी साल. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसकडे सिलोनहून कंपनीचाच डॉक्टर पॉल हर्मन याने जमवलेले नमुनेही होते. त्यांतलं दिसायला मिळतंजुळतं झाड वेगळंच, राइटिया प्रजातीतलं. १७५३ मध्ये लिनियसने दोन्ही एकाच नावाखाली घातली: नेरियम अँटीडिसेंटेरिकम.

आपल्याकडचा काळा कुडाही राइटियाच, आणि पांढऱ्याच्या सालीत त्याची भेसळ जुनीच आहे. ओळखायचं तर शेंगा बघा. दोन्हींच्या जोडीनेच येतात, पण पांढऱ्याच्या सुट्या, काळ्याच्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. बी चावून बघितलं तरी कळतं: पांढऱ्याचे कडू इंद्रजव, काळ्याचे गोडे. सुक्या सालीच्या तुकड्यांत यातलं काहीच हाती लागत नाही, म्हणून भेसळ खपते. लिनियसचं 'अँटीडिसेंटेरिका' हे नाव सिलोनच्या राइटियाकडे गेलं; पांढऱ्याचं बरोबर शास्त्रीय नाव आता होलॅऱ्हेना प्युबेसेन्स. तरी कुटजारिष्टाच्या, म्हणजे कुड्याच्या सालीच्या औषधाच्या, बाटलीवर अजून 'अँटीडिसेंटेरिका' छापलेलं सापडतं.