चंपुआचा कातळ: झिरकॉनसाठी दगड फोडायला जाणाऱ्यांना थोडं सांगायचं आहे

टाटानगरला उतरून चाईबासामार्गे दक्षिणेला निघालो. पुढे हळूहळू रस्त्याचाच रंग बदलला. झाडं, टपऱ्यांचे पत्रे, वाळत घातलेले कपडे, सगळ्यावर लोहखनिजाची लाल धूळ. जैंतगढला झारखंड संपतं आणि बैतरणीवरचा पूल ओलांडला की ओडिशातलं चंपुआ. नदीचं नाव ऐकून घरचे जरा बिचकले होते. प्रत्यक्षात हिवाळ्यात तिला गुडघाभर पाणी, आणि पात्रात धुऊन निघालेला राखाडी कातळ. आम्ही त्याच्याचसाठी आलो होतो.

सिंहभूम, म्हणजे झारखंड-ओडिशाच्या सीमेवरचा हा मुलूख, म्हटलं की खाणीच आठवतात. नोआमुंडीचं लोखंड, जादूगोड्याचं युरेनियम, मोसाबनीचं तांबं, खाली सुकिंद्याचं क्रोमाइट. एवढी खनिजं एकाच मुलखात का, हे विचारायचं तर आधी कुठला खडक कधीचा ते कळायला हवं. लोहखनिजाचं थेट वय काढणं अवघड असतं. म्हणून त्याच थरांतला ज्वालामुखी खडक शोधावा लागतो. दक्षिणेला दैतारीच्या लोहपट्ट्यातल्या डेसाइट लाव्ह्यातून ३.५१ अब्ज वर्षं हे वय मिळालं, ते असंच.

चंपुआच्या या पट्टेदार नाइसची (उष्णतेने आणि दाबाने रूप बदललेल्या खडकाची) गंमत तर अशी की त्याची तीन वयं सांगितली जातात. १९८१ मध्ये समेरियम-निओडिमियम पद्धतीने, म्हणजे या दोन मूलद्रव्यांच्या प्रमाणांवरून, जवळपास ३.८ अब्ज वर्षं आलं. पुढे झिरकॉन या टणक खनिजाचे खडकातले बारीक कण एकेक करून मोजले, तेव्हा बहुतेक ३.४५ अब्जांच्या आसपास निघाले. मग २०१८ मध्ये याच खडकातल्या दोन कणांनी ४.२४ आणि ४.०३ अब्ज वर्षं दाखवली. खडक काही एवढा जुना नाही. आधीचं कवच वितळून हा बनला, तेव्हा त्यातले दोन कण न वितळता तसेच राहून गेले.

हे जमतं झिरकॉनच्या स्वभावामुळे. स्फटिक वाढताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ थारा देत नाही. म्हणजे आज आत सापडणारं शिसं बहुतेक युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. शिवाय घड्याळं दोन आहेत: युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षं, युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी. दोन्ही जुळली तर वयावर भरवसा ठेवायचा. जुळली नाहीत तर मधे कधीतरी शिसं निसटलं असं समजायचं. त्याच कणातलं हाफ्नियम हे मूलद्रव्य मोजलं की मूळ शिलारस थेट प्रावरणातून आला की जुनंच कवच पुन्हा वितळलं, याचाही अंदाज येतो. कवच कसकसं घडत गेलं ही गोष्ट खरं तर हाफ्नियमच सांगतं. नुसतं वय म्हणजे जन्मतारीख.

आता कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. पावसाळ्यात हा कातळ पाण्याखाली असतो. ग्रॅनाइट किंवा नाइसचा पाच ते आठ किलो ताजा दगड पुरतो. वरची पिवळट, कुजलेली साल तिथेच फोडून टाका, ओझं वाहून आणू नका. बेसाल्टमध्ये झिरकॉन मिळायची आशा धरू नका. इथल्या डोलेराइटच्या भित्ती (जुन्या खडकातल्या भेगांत शिलारस घुसून थिजलेले काळे पट्टे) मोजायच्या तर बॅडेलाइट हे दुसरं खनिज शोधावं लागतं. त्यावरूनच काही भित्ती सुमारे १.७७ अब्ज वर्षांच्या ठरल्या. केओंझर जिल्ह्यातच नोमिऱ्याचा उशीसारखा लाव्हा आहे. तो जरूर पाहा, पण हातोडी गाडीतच ठेवून, कारण ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. सिमलीपालच्या जंगलाकडे वळायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधीच काढा. खाणीच्या हद्दीतही ऐनवेळी कोणी आत घेत नाही.

कातळावर दोन घाव घालतोय तोच एक आजोबा सायकल टेकवून विचारते झाले, "कौन सा कंपनी?" प्रश्न रास्तच होता. इथे दगड ठोकायला येणाऱ्यांच्या मागून खाण येते, हे त्यांनी पाहिलेलं. आम्ही वही दाखवली, नमुना हातात दिला, कॉलेजातून आलोय म्हणालो. त्यांनी दगड उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "इसमें लोहा नहीं है," असं म्हणून ते निघून गेले. निदान बरोबर होतं. झारखंडाच्या बाजूला, कोल्हानातल्या गावांत काम असेल तर आधी गावच्या मुंडांना, म्हणजे गावप्रमुखांना, भेटा, नदीपलीकडे सरपंचांना. अर्धा तास जातो, पण नंतर दिवसभर कोणी हटकत नाही.

पिशवीवर नुसत्या मार्करने नंबर टाकू नका. ओल्या हाताने आमचे दोन नंबर पुसले गेले आणि एक नमुना कायमचा बिनकामाचा झाला. दगडावरही लिहा, आत प्लास्टिकमध्ये चिठ्ठी टाका, जीपीएसचा आकडा वहीत हाताने उतरवा. दोन नमुन्यांच्या मधे हातोडी आणि छिन्नी पुसा. प्रयोगशाळेत दगड दळून, चाळून, चुंबकाने आणि जड द्रवाने वेगळं करून शेवटी सुईने एकेक कण उचलतात. कण केसाच्या जाडीएवढा असतो. आदल्या दगडातला एक जरी आला तरी तो पाहुणा आहे हे ओळखू येत नाही.

माझी खरी चूक मात्र पिशवीची नव्हती. माझ्या चांगल्यातल्या चांगल्या नमुन्यात काही कण बाकीच्यांपेक्षा स्पष्टच तरुण निघाले. सर म्हणाले, "शिर होती का रे तिथे?" शिर म्हणजे जुन्या खडकात नंतर घुसलेल्या खडकाची पट्टी. मी ठामपणे नाही म्हटलं. मग त्या जागेचा फोटो मोठा करून पाहिला. राखाडी पट्ट्यांना छेदत जाणारी, बोटभर रुंदीची एक गुलाबी रेघ फोटोच्या डाव्या कडेने आत येते आणि उजवीकडून बाहेर जाते. मधला भाग दिसत नाही. माप कळावं म्हणून मी हातोडी नेमकी तिच्यावर ठेवली होती.