आमच्या घरातला स्पॉन्डिलायटिस

उन्हाळा लागला की धाकटीच्या सासूबाईंचा फोन येतो. "मान कशी हाय पोरी? तेल संपलं असंन तर पाठवून देतो." गेली सहा-सात वर्षं त्या माझ्या मानेसाठी तेल पाठवताहेत. घरी कढवलेलं, निर्गुडीचं, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत. झाकणाला प्लॅस्टिक गुंडाळून वर रबरबँड.

माझ्या मानेला स्पॉन्डिलायटिस नाही. कधीच नव्हता. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस.

२०१७च्या फेब्रुवारीत उजवा डोळा फिरवला की दुखायला लागला. दोन दिवसांनी आईच्या कपाळावरचं कुंकू मला विटकरी दिसलं. डावा डोळा झाकला तर विटकरी, उजवा झाकला तर लाल. मी बराच वेळ आलटून-पालटून तोच खेळ करत बसले, आणि आई म्हणाली, "काय डोळे मारून राह्यली मले?" चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेलो, आणि तिथून धंतोलीत मेंदूच्या डॉक्टरांकडे. एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढलं. डॉक्टरांनी टेबलफॅनची वायर हातात धरून समजावलं, की नसांवर मायलिन नावाचं वेष्टन असतं, या वायरीवरच्या रबरासारखं. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती ते कुरतडते. जिथं वेष्टन गेलं तिथं निरोप अडखळतो. तुमचा डोळ्याच्या नशीत अडखळला. मेंदूत काही डाग आहेत आणि एक मानेत, मज्जारज्जूवर.

आईनं एवढंच पकडलं. मानेत.

तेव्हा मान खाली वाकवली की पाठीतून पायापर्यंत करंट जायचा. एमएसवाल्यांना हे ठाऊक असतं. म्हणजे "मानेचं दुखणं आहे" हे शंभर टक्के खोटंही नव्हतं. स्टेरॉइडच्या सलाइनचे पाच दिवस संपवून घरी आले तेव्हा मोठे बाबा आधीच येऊन बसले होते आणि आजाराचं बारसं उरकलं होतं. धाकटी तेव्हा चोवीसची. "लोकाईले सांगतानी स्पॉन्डिलायटिस म्हणायचं," मोठे बाबा म्हणाले. "थो सगळ्याइलेच असते."

त्यांचं चूक नव्हतं, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. आपल्याकडे आजारांचीही पत असते. स्पॉन्डिलायटिस, बीपी, थायरॉइड, गुडघे हे बैठकीत चहासोबत सांगता येतात. ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही, जो बरा होत नाही, तरुण वयात होतो आणि बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट होतो, असा आजार ज्या घरात आहे तिथली मुलगी कोण करणार? धाकटीनं एकदा मला न सांगता डॉक्टरांना गाठून विचारलं होतं, की मलाही होईल का. ते म्हणाले, सख्ख्या भावंडाला शंभरात दोन-तीन. अगदी एकसारख्या जुळ्या असतात तरी एकीला असला तर दुसरीला होण्याची शक्यता साधारण चारात एक. हा आकडा तिनं मला लग्नानंतर सांगितला. तोवर तो एकटीनंच सांभाळला.

२०१८च्या मे महिन्यात तिला बघायला पाहुणे आले. नागपूरचा मे. आईनं आदल्या दिवशी बर्डीवरून एक गळपट्टा आणला, कातडीच्या रंगाचा, फोमचा, मागं वेल्क्रो लावायचा. म्हणाली, मी मध्येच धडपडले, भिंत धरली, तर कोणी काही विचारणार नाही. पट्टा दिसला की झालं.

लावला. अर्ध्या तासात माझी बॅटरी उतरली. एमएसमध्ये अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी वेष्टन गेलेल्या नसा कामचुकार होतात. १८९० साली विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरनं हे नोंदवलं, त्याचंच नाव या प्रकाराला आहे. एमआरआय नव्हता त्या काळात संशय आला की माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवून बघत, लक्षणं वाढली की एमएस. आम्हाला टबाची गरज नव्हती. बैठकीत बारा माणसं, कूलरची ती दमट हवा, आणि मानेभोवती फोम. समोरचे चेहरे उजव्या डोळ्यानं धुरकट व्हायला लागले. पन्ह्याचा ट्रे मी उचलायचा नाही असं ठरलं होतं, तरी सवयीनं उठले आणि दुसऱ्याच पावलाला फ्रिज गाठून त्याला मिठी मारली. मुलाकडची एक बाई म्हणाली, "बाप्पा, चक्कर आली वाट्टे." आई म्हणाली, "मानेचं हाय तिले." आणि खरंच, कोणी काही विचारलं नाही.

मुलाची आई मात्र उठून आली. मला खाली बसवलं, पट्टा चाचपला, वेल्क्रो टर्रकन उघडून सैल करून पुन्हा लावला. "इतका घट्ट नाही बांधा लागत. मले दहा वर्षांपासून हाय ना." मग माझ्या मानेवर अंगठा फिरवत त्यांनी त्यांच्या उशीची, डॉक्टरची आणि तेलाची सगळी हकिगत सांगितली. त्या सगळ्या कार्यक्रमात माझ्याशी सरळ बोललेल्या त्या एकट्याच. लग्न जमलं. धाकटीनं मुलाला सगळं आधीच फोनवर सांगून टाकलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. तो म्हणाला होता, माझं काही नाही, फक्त आईला नको सांगू.

म्हणजे दोन्ही घरं मिळून एक स्पॉन्डिलायटिस सांभाळत होती.

ऑफिसातही हेच नाव दिलं होतं. तिथं त्याचा फायदाच झाला, उंच पाठीची खुर्ची मिळाली. पण त्यांनी माझ्यावर इतकी माया केली की मी मरायला टेकले. "मॅडमच्या मानेला एसी लागतो" म्हणून माझ्या डोक्यावरचा एसी बंद केला गेला. लागतो म्हणजे बाधतो! स्पॉन्डिलायटिसला गारव्यानं मान आखडते, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. दुपारी तीनच्या पुढं माझी बोटं कीबोर्डवर माझी नसायची. बेरजा चुकायला लागल्या. बाथरूमला जाताना टेबलं धरत जायचे, आणि एकदा मागून ऐकलं, "दुपारीच घेऊन येते का काय?" हसणं अगदी हळू होतं. एसी चालू करा म्हणायला मला खरं बोलावं लागणार होतं.

२०२२च्या एप्रिलमध्ये बोलले. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात नव्हता. त्या कायद्याचा कागद आणि डॉक्टरांचं पत्र साहेबांपुढं ठेवलं. एसी त्याच दिवशी सुरू झाला. माया मात्र संपली. एकीनं डबा वाटून खाणं बंद केलं, मग चार दिवसांनी विचारलं, "लागत तर नाही ना हे?" नाही लागत. दुसऱ्यानं विचारलं, "किती वर्षं म्हणतात?" जणू भाडेकरार आहे. आणि जी खरोखर जवळची होती ती म्हणाली, "पण तू तर चांगली दिसते." या वाक्यावर काय बोलायचं ते मला अजून सापडलेलं नाही. माझं दिव्यांग प्रमाणपत्र आईनं गोदरेजच्या कपाटात, पैठणीच्या घडीत ठेवलंय. पाहुणे तिथं हात घालत नाहीत.

तर कालचा फोन. तेल संपलं असंन तर पाठवतो, म्हणाल्या. बाहेर त्रेचाळीस होतं, मी ओला दुपट्टा मानेवर टाकून बसले होते, आणि मला त्या पट्ट्याचा टर्रकन आवाज आठवला.

"काकू, माझी मान नाही हो दुखत," मी म्हटलं. आणि सांगितलं. नाव सांगितलं, डोळ्याचं, डागांचं, पट्ट्याचंसुद्धा. धाकटीचा शंभरात दोन-तीनही सांगितला, कारण तो पुढं विचारतीलच.

पलीकडं बराच वेळ फक्त कूलरचा आवाज.

"मंग थे तेल?"

"पायाला लावते. रात्री पिंढऱ्या आखडतात."

"थंडंच लावते का? कोमट करून लावत जा."

कोमट नाही चालत हो काकू, म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्या तेवढ्यात सुनेला हाक मारून रिकामी बाटली शोधायला सांगत होत्या.