येऊरमध्ये कुंपण घालून रोपं मोजताना

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. इथे चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे आणि पाड्यांवरची गुरंही आहेत. त्यामुळे साग-ऐनाखाली कोवळी रोपं दिसली नाहीत की खापर हरणांवर फोडणं सोपं जातं. खरं काय ते जोडीच्या प्लॉटवरूनच कळतं : एक कुंपणातला, दुसरा उघडा.

राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली परवानगी लागते. अर्जातच नकाशा, खड्ड्यांची खोली आणि जाळी कधी काढून नेणार ते लिहावं.

आम्ही १० बाय १० मीटरचे प्लॉट धरले. जोडीतल्या दोन्हींचा उतार, माती आणि वरची सावली सारखी हवी, नाहीतर फरक उन्हाचा निघतो आणि नाव हरणाचं होतं. जाळी दोन मीटर उंच, लोखंडी अँगल दर अडीच मीटरवर एक, जमिनीत अर्धा मीटर. सांबर याहून उंच उडी मारू शकतं, पण आत उतरायला ऐसपैस जागा दिसली नाही तर सहसा मारत नाही. म्हणून प्लॉट लहानच बरा. खड्डे दिवाळीनंतर लगेच घ्या. एप्रिलमध्ये मुरमावर पहार नुसती उडते.

कुंपणाआधीची मोजणी वगळली तर पुढचं सगळं फुकट. प्रत्येक प्लॉटमध्ये एक मीटरच्या चौकटी टाकून रोपं तीन गटांत लिहायची : ३० सेंटिमीटरपर्यंत, ३० ते १३०, आणि त्यावर. नंबरची पट्टी खोडाला बांधू नका, शेजारच्या काडीला बांधा. चकचकीत पट्टी माकडं ओढतात आणि रोपही उपटतं.

शेंडा कोणी खाल्ला हे टोकावरून ओळखायचं. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, नुसती कडक हिरडी. ते ओढून तोडतं, त्यामुळे टोक फाटकं, तंतू निघालेलं. सशाचा काप तिरका, ब्लेडने छाटल्यासारखा. पंचाईत अशी की गाय-बकरीच्याही वर पुढचे दात नसतात. तिथे आजूबाजूचं शेण, लेंड्या, खुरांचे ठसे बघावे लागतात; बकरीची आणि चितळाची लेंडी तर सरावलेल्या डोळ्यालाही फसवते. शक्य असेल तर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावाच.

जून-जुलैत चौकटीत रोपंच रोपं असतात. त्या आकड्यावर भाळू नये. बरीचशी कोणी न खाताही मरतात. ऑक्टोबरला एकदा आणि उन्हाळा संपताना, पावसाच्या तोंडावर, एकदा मोजा. पहिला उन्हाळा काढलेलं रोपच आम्ही जगलं म्हणून धरतो. मधे वणवा लागला तर ती जोडी वेगळी काढायची, हिशेबात मिसळायची नाही.

पहिल्या वर्षी कुंपणात उलट कमी रोपं निघू शकतात. चराई थांबली की गवत कमरेएवढं वाढतं, खाली ऊन पोचत नाही, आणि त्या आडोशाला उंदीर बिया फस्त करतात. एवढ्यावरून हरणं निर्दोष ठरत नाहीत. गटांचे आकडे शेजारी ठेवा : उघड्या प्लॉटमध्ये पहिला गट भरलेला आणि मधला, ३० ते १३०चा, वर्षानुवर्षं रिकामा असेल, तर बी रुजतंय पण शेंडा टिकत नाही. घाणेरी, कुडा यांना हरणं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून नुसतं ‘झुडपं भरपूर आहेत’ असं लिहू नका, जातवार लिहा.

आणि पावसाळ्यात प्रत्येक वादळानंतर कुंपणाला फेरी मारा. सागाची एक फांदी जाळीवर पडली की आतलाही प्लॉट उघडाच.