पुढच्या अ‍ॅक्सलची घरघर: टू-एचमध्ये बोलते, फोर-एचमध्ये गप्प

मागच्या नोंदीतली घरघर अजून आहे, पण तिचा पत्ता आता बराचसा लागलाय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: डबल कॅब पिकअप, पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (टू-एचमध्ये जोर फक्त मागच्या चाकांना, फोर-एचमध्ये चारही चाकांना), पुढे डबल विशबोन सस्पेन्शन, टायर 245/70 आर 16. आवाज ताशी 50 किलोमीटरच्या पुढे सुरू होतो आणि 70 ला डोकं उठवतो.

बहुतेकांनी व्हील बेरिंग सांगितलं. गॅरेजमध्येही तेच, "बाब, दोनूय बेरिंगां बदलया." गोव्याची खारी हवा, वर भरतीच्या वेळी फेरीच्या धक्क्यावर चाकं पाण्यात घालून चढणारी गाडी, म्हणजे संशय चुकीचा म्हणता येत नाही. पण खराब व्हील बेरिंग वळणावर सूर बदलतं. डावीकडे वळलं की वजन उजव्या चाकावर येतं आणि उजवं बेरिंग कण्हायला लागतं. उजवीकडे वळलं की उलट. हायवेच्या लांब वळणांवर 60 कायम ठेवून दोन्ही बाजूंनी बघितलं, सूर ढिम्म. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवलं, तर कुठेच प्ले (ढिलेपणा) नाही, म्हणजे बॉल जॉइंट आणि टाय रॉडही ठीक.

बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही शाफ्टचा जोर चाकाला देणारा सांधा) तपासताना एक गोष्ट लक्षात असू द्या. टू-एचमध्ये पुढच्या शाफ्टवर इंजिनचा जोर नसतो, त्यामुळे खराब जॉइंटही मुकाट बसू शकतो. सैल मातीत फोर-एच टाकून, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूच अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. माझ्याकडे टकटक आली नाही. तालावर येणारा आवाजही हा नव्हे. या टायरचा घेर साधारण 2.35 मीटर, म्हणजे 20 च्या वेगाला चाक सेकंदाला अडीचदाही फिरत नाही. ट्रेडमध्ये अडकलेला खडा किंवा घासणारी डिस्क त्या तालात मोजता येते. माझी घरघर सलग आहे.

खरा धागा मिळाला तो होंड्याहून वाळपईकडे जाताना. पाऊस नुकताच पडून गेलेला, रस्ता ओला, समोर सरळ पट्टा. 60 ला फोर-एच टाकलं आणि आवाज बंद. परत टू-एच, परत घरघर. (कोरड्या डांबरावर हे करत बसू नका. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) जातो.)

यात गंमत अशी आहे. आमच्या गाड्यांत पुढच्या अॅक्सलच्या उजव्या बाजूच्या ट्यूबमध्ये डिस्कनेक्ट कॉलर असते, म्हणजे शाफ्टचे दोन तुकडे जोडणारी-सोडणारी कडी. टू-एचमध्ये ती सुटलेली असते. डावं चाक आपला शाफ्ट पुढे फिरवतं आणि डिफरन्शियलमधले (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या भागातले) छोटे गिअर उजवीकडचा आखूड शाफ्ट उलटा फिरवतात. त्याच्या टोकाला उजव्या चाकाचा शाफ्ट मात्र सुलटा फिरत असतो. दोघांच्या मध्ये एक नीडल बेरिंग (सुईसारख्या बारीक रोलरचं), त्याला चाकाच्या दुप्पट वेग सोसावा लागतो. फोर-एचमध्ये कॉलर दोन्ही शाफ्ट बांधते, ते एकत्र फिरतात आणि बेरिंगला काम उरत नाही. टू-एचमध्ये पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून पुढच्या डिफरन्शियलपर्यंतचा) जवळपास थांबलेला असतो, त्यामुळे त्याचे क्रॉस आणि पिनियन बेरिंगही यादीतून गेले.

खात्रीसाठी पुढची दोन्ही चाकं स्टँडवर घेतली. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ ओढली आणि डावं चाक हाताने फिरवलं. रेघ जागची हलली नाही. आधी स्प्रिंगवर तळवा ठेवला, कारण हब खराब असेल तर तिथे खरखर जाणवते. दोन्हीकडे गुळगुळीत. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्यूबवर, मूठ कानामागच्या हाडावर. तव्यावर वाळू परतल्यासारखा आवाज, आणि कुठलंही चाक फिरवा, त्याच एका जागी.

ड्रेन प्लग उघडल्यावर ऑइल दुधाळ निघालं. मॅग्नेटवर बारीक राखाडी लेप असतोच, त्याची काळजी नाही, पण त्यात सुईच्या तुकड्यासारखे दोन चकचकीत काटे होते. पाणी कुठून आलं हे ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर जाण्याची वाट) काढल्यावर कळलं: तांबड्या चिखलाने पूर्ण बुजलेला. तापलेला अ‍ॅक्सल ओहोळात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर ती सीलमधून पाणी ओढते. सत्तरीतले पाण्याखाली गेलेले कॉजवे आपण हौसेने ओलांडतो, तेव्हा चाकं सगळे बघतात, ब्रीदर कुणी बघत नाही.

सध्या 80डब्ल्यू-90 जीएल-5 गिअर ऑइल नवं भरलंय आणि ब्रीदरची नळी वर इंजिन बेमध्ये नेऊन टोकाला छोटा फ्युएल फिल्टर लावलाय. आवाज किंचित कमी झाला, गेलेला नाही, जाणारही नाही. ट्यूब चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) उघडणार. तोवर माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायला गाडी हवी, आणि गॅरेजवाले तरी कुठे भेटताहेत. बेरिंग एका बाजूने बंद भोकात बसलंय, म्हणून आतून पकडणारा स्लाइड हॅमर पुलर लागेल. फोंडा किंवा म्हापशाकडे कुणाजवळ असेल तर दोन दिवसांसाठी द्या, सोबत सीलचा जुना सेट पडून असेल तर तोही माप घ्यायला चालेल.