आमची वाटचाल : पंपाच्या बुशपासून हाडाच्या स्क्रूपर्यंत

सध्या आमच्या कारखान्यात सर्वांत जास्त वेळ खाणारा नग म्हणजे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा एक स्क्रू आहे. व्यास ३.२ मिलिमीटर, लांबी २० मिलिमीटर. वजन अर्धा ग्रॅमही भरत नाही. तो अजून कोणाच्याही हाडात गेलेला नाही आणि आणखी काही वर्षे जाणारही नाही. तरीही कुपवाड औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्याची हकिकत या स्क्रूपाशी आणूनच सांगावी लागते, कारण या व्यवसायात जे काही शिकलो, ते बव्हंशी अशा न विकल्या जाणाऱ्या वस्तूंनीच आम्हाला शिकवले.

वडील किर्लोस्करवाडीला पंपाच्या कारखान्यात फिटर होते. १९९४ मध्ये नोकरी सोडून त्यांनी कुपवाडला पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली, बटाल्याचा जुना लेथ बसवला आणि शेतीपंपांचे बुश, शाफ्ट, तसेच गळीत हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्यांचे किरकोळ सुटे भाग करून द्यायला सुरुवात केली. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन १९९९ मध्ये मी त्यांच्या हाताखाली आलो. त्या काळाबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही. काम भरपूर होते आणि उधारी त्याहून जास्त होती.

वळण आले ते मिरजेमुळे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे आणि कर्नाटकाच्या सीमाभागातूनही रुग्ण तेथे येतात. २००४ मध्ये तेथील एक अस्थिरोग शल्यचिकित्सक हाडात ड्रिल सरळ जावे म्हणून वापरायची, आतून झिजलेली एक पोलादी नळी घेऊन आमच्याकडे आले. तशी नळी आम्ही दुसऱ्याच दिवशी करून दिली. ती हातात फिरवून डॉक्टरसाहेब म्हणाले, “छान झाली. आता अशाच आणखी सहा करा, पण कोणतीही नळी कोणत्याही ड्रिलवर चालली पाहिजे.” सहापैकी दोन चालल्या नाहीत. पंपाच्या बुशला आम्ही शाफ्ट बघून हात मारायचो आणि बसवून द्यायचो. प्रत्येक बुश आपापल्या शाफ्टचा सोबती असे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतही हेच चालते. जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढताना कारागीर त्या एका सतारीचा आवाज ऐकत घोडी घासतो आणि दोन सतारी सारख्या वाजल्या नाहीत म्हणून कोणी त्याच्याकडे तक्रार घेऊन जात नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र ती कारागिरी दोष ठरते. संशोधकाला उत्तम साधलेला एक नग पुरतो, शल्यचिकित्सकाला शंभरावा नग पहिल्यासारखाच लागतो; आणि या दोघांच्या मधल्या अंतरात आमच्यासारख्या लहान कारखान्याचे काम असते, हे मला त्या दोन नळ्यांमुळे पहिल्यांदा कळले.

उपकरणांनंतर एका परवानाधारक उत्पादकासाठी आम्ही जॉबवर्कने हाडाच्या पट्ट्या आणि स्क्रू करू लागलो. कर्ज काढून स्लायडिंग हेडचा सीएनसी लेथ घेतला. साहित्य ३१६ एल जातीचे स्टेनलेस स्टील होते. २०१० मध्ये आमच्या हातून एक मोठी चूक झाली. पाठवलेल्या स्क्रूंवर साठवणीतच तांबूस ठिपके दिसू लागले आणि सगळा लॉट परत आला. स्टेनलेस स्टीलला गंज येत नाही, तेव्हा धातूच भेसळीचा असणार, असे म्हणून आठवडाभर आम्ही पुरवठादारावर राग काढला. खरे कारण आमच्याच बाकावर होते. ज्या तारेच्या ब्रशने साध्या लोखंडाचे नग घासले जात, त्याच ब्रशने हे स्क्रूही घासले गेले होते. लोखंडाचे बारीक कण पृष्ठभागात रुतले होते आणि गंजत होते ते कण. त्यानंतर लोखंडाचे काम आणि शरीरात जाणाऱ्या वस्तूंचे काम यांच्यामध्ये आम्ही भिंत बांधली, नायट्रिक आम्लाच्या पॅसिव्हेशनची, म्हणजे पृष्ठभागावरचे लोखंडाचे कण काढून त्याला गंजरोधक करण्याची, स्वतंत्र खोली केली, आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन मिरजेच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला कारखान्यात बोलावून घेतले. तिने पहिल्याच महिन्यात प्रत्येक नगाच्या धुलाईची नोंदवही सुरू केली. वडिलांना तो कागदाचा अपव्यय वाटे, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटे.

२०१४ मध्ये पुण्यातील एका संशोधक गटाला टायटॅनियमच्या चाचणी-चकत्या हव्या होत्या, आणि जैवअभियांत्रिकी हा शब्द आमच्या कारखान्यात प्रथम आला तो त्यांच्या खरेदी आदेशावर छापून. टायटॅनियमशी हाड थेट जुळते, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांच्या लक्षात आले ते १९५२ मध्ये, सशाच्या हाडात रक्तप्रवाह पाहण्यासाठी बसवलेली टायटॅनियमची कुपी काही केल्या निघेना तेव्हा. माणसाच्या जबड्यात त्यांनी असे रोपण प्रथम केले १९६५ मध्ये. आजच्या संशोधनाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. स्टीलचा ताठरपणा सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०, आणि हाडाच्या बाहेरच्या टणक थराचा साधारण १५ ते २० असतो. इतका ताठ सोबती मिळाला की भार तोच उचलतो, आणि भार न मिळालेले हाड हळूहळू विरळ होत जाते. यावर उपाय म्हणून धातू जाळीदार करतात, म्हणजे त्याचा ताठरपणा उतरतो आणि काहीशे मायक्रॉनच्या छिद्रांतून हाड आत वाढू शकते. टायटॅनियमच्या भुकटीचा थरावर थर लेसरने वितळवून अशी जाळी दुसरीकडे छापली जाई. आमच्याकडे काम होते छपाईच्या वेळी जाळीला दिलेले आधार कापणे, आटे पाडणे, मापात आणणे आणि धुणे.

धुण्यातच आम्ही नापास झालो. आयएसओ १०९९३ या मानकमालिकेत पेशींवरील विषारीपणाची चाचणी आहे. नगाचा अर्क काढून तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर टाकतात, आणि जिवंत पेशींचे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेले तर नमुना विषारी मानला जातो. आमचे नमुने लागोपाठ तीनदा या रेषेखाली गेले. धातू निर्दोष होता. दोष छिद्रांत अडकून राहिलेल्या कटिंग ऑइलचा होता. सपाट नगावरून पुसले जाणारे तेल जाळीच्या पोटात जाऊन बसे आणि अर्कात उतरे. अल्ट्रासोनिक टाकीतील वेळ, साबणाचा प्रकार, शेवटच्या धुण्याच्या पाण्याची शुद्धता, असे एकेक बदलत बहिणीने सात महिने घालवले. त्या काळात मी काहीसा खचलो होतो, तेव्हा पुण्याच्या त्या गटप्रमुखांनी मला तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील हृदयाच्या झडपेची गोष्ट सांगितली. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे झडपेचे तीन नमुने एकामागून एक बाद झाले होते, एकात तर नीलमणी स्फटिकाची चकती मेंढीच्या हृदयात फुटली होती. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची चकती असलेला चौथा नमुना टिकला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो प्रथम एका रुग्णाला बसवला गेला. गोष्ट ऐकून धीर आला, पण त्याहून उपयोगी पडला तो त्यांचा पुढचा प्रश्न : तिन्ही वेळा नापास झालेले नमुने तुम्ही जपून ठेवले आहेत का? आम्ही ते भंगारात टाकले होते. तेव्हापासून नापास नग लॉट क्रमांकासह कपाटात राहतो.

वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि धोक्याप्रमाणे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. हाडात राहणारी पट्टी आणि स्क्रू क वर्गात येतात, आणि नुसत्या चाचणीसाठी नग करायचे असले तरी एमडी-१३ हा वेगळा परवाना लागतो. ओळखीचे अनेक कारखानदार या कागदांना कंटाळून परत पंपाकडे वळले. त्यांना दोष देता येणार नाही, कारण वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचे मानक असलेल्या आयएसओ १३४८५ ची व्यवस्था उभी करण्यात आमचीही दोन वर्षांची शिल्लक संपली. पण बहिणीच्या नोंदवह्या तयार होत्या म्हणून आम्ही तगलो, हे वडिलांनी शेवटी मोकळेपणी मान्य केले.

मॅग्नेशियमकडे आम्हाला नेले ते पुन्हा त्याच डॉक्टरसाहेबांनी. लहान मुलांत बसवलेला धातू हाड जुळल्यावर बहुतेकदा काढावा लागतो. जत-आटपाडीकडची कुटुंबे ऊसतोडीला गेली की दुसऱ्या शस्त्रक्रियेला मूल येतच नाही, ही त्यांची जुनी व्यथा होती. काम झाल्यावर आपोआप विरणारा स्क्रू असेल तर हा प्रश्नच मिटतो. मॅग्नेशियमचा ताठरपणा सुमारे ४५ गिगापास्कल म्हणजे हाडाच्या बराच जवळ, आणि विरघळलेले मॅग्नेशियम शरीराला परकेही नाही. ही नुसती कल्पना राहिलेली नाही : जर्मनीत असा स्क्रू २०१३ मध्ये मान्यता मिळवून वापरात आला, दक्षिण कोरियात २०१५ मध्ये, आणि एका फिनिश कंपनीच्या स्क्रूला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. मग आपल्याकडे कुपवाडला का करायचा, असे बँकेच्या अधिकाऱ्याने मला विचारले होते. बाहेरचा स्क्रू ज्या किमतीला पडतो, त्या किमतीत तो ऊसतोड मजुराच्या मुलाच्या कोपरात बसणार नाही, हे उत्तर मी दिले. कर्ज मात्र मिळाले नाही.

मॅग्नेशियमचा बारीक भुगा पेट घेतो. हे वाचून ठाऊक होते, पण २०१९ च्या उन्हाळ्यात लेथखालच्या ट्रेमध्ये प्रत्यक्ष पांढरा लखलखाट झाला तेव्हा नव्या मुलाचा हात सवयीने पाण्याच्या नळीकडे गेला. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकले की हायड्रोजन सुटतो आणि आग भडकते. वडिलांच्या वेळचे आमचे टर्नर मामा जागच्या जागी ओरडले, “पाणी नको, वाळू!” आणि कोरड्या वाळूची बादली ओतून त्यांनी ती विझवली. मामांचे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणात ते शेवटच्या खुर्चीवर बसले होते.

दुसरा धडाही मामांनीच दिला. शरीरातील द्रवासारखे क्षार असलेल्या हॅंक्सच्या द्रावणात, ३७ अंश सेल्सिअसला, स्क्रू २८ दिवसांत किती विरतो हे मोजायचे होते आणि नमुना धरण्यासाठी मी हौसेने स्टेनलेस स्टीलचा सुबक फिक्श्चर केला होता. चार दिवसांत फिक्श्चरच्या चिमट्याजवळचा मॅग्नेशियम खाल्ला गेला. मामा म्हणाले, “साहेब, खारवट विहिरीत पितळेच्या इम्पेलरशेजारी बीड ठेवलं की बीडच खाल्लं जातं. हे तेच आहे.” पुण्याला कळवले तेव्हा समजले, की बेल्जियमचे शल्यचिकित्सक अल्बँ लाँबोत यांनी १९०६ मध्ये मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी एका मुलाच्या पायात बसवली होती आणि आठ दिवसांत ती विरून त्वचेखाली वायू साठला होता. शंभर वर्षांपूर्वीची चूक मी स्वखर्चाने पुन्हा केली. आता नमुने नायलॉनच्या धाग्याला टांगतो.

२०१९ च्याच ऑगस्टमधील कृष्णेच्या महापुरात आमच्या शेडमध्ये पाणी आले नाही, कुपवाड उंचावर आहे. पण निम्म्या कामगारांची घरे सांगलीत पाण्याखाली होती, वीज गेली, जनरेटरचे डिझेल संपले आणि चाचणीच्या एकविसाव्या दिवशी द्रावण थंड पडले. तापमान तुटले म्हणजे आकडे बाद. त्या आठवड्यात कोणालाही त्याचे दुःख करायला सवड नव्हती. कारखान्याचा वरचा मजला कामगारांच्या कुटुंबांना दिला होता आणि द्रावणाच्या बाथच्या टेबलावर भाकऱ्यांची चळत होती.

२०२१ मध्ये दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे वरचे जबडे काढावे लागत होते, आणि सीटी स्कॅनवरून कवटीचे नमुने व कापण्याचे गाईड छापून देण्याचे काम आमच्याकडे आले. घाईने छापलेला पीएलए प्लॅस्टिकचा पहिला गाईड निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांत केळ्यासारखा वाकला. तो चाचणीतच वाकला, हे नशीब. नायलॉनवर गेल्यावर काम सुरळीत झाले.

आज उत्पन्नाचा मोठा भाग उपकरणे आणि जॉबवर्क यांचाच आहे, पंपाचे बुशही सुटलेले नाहीत. संशोधनाचे पैसे अनुदानाच्या हप्त्याने येतात, म्हणजे काम आषाढात आणि पैसे फाल्गुनात. लहान कारखानदाराने हे गृहीत धरूनच त्यात उतरावे. मॅग्नेशियमच्या स्क्रूची अडचण सध्या वेगाची आहे. एक ग्रॅम मॅग्नेशियम विरले की सुमारे एक लिटर हायड्रोजन निघतो. तो सावकाश निघाला तर ऊतींत जिरतो, एकदम निघाला तर पोकळी करतो. पेशींवरच्या चाचणीतही मूळ अर्काचा सामू इतका चढतो की पेशी त्यानेच मरतात, म्हणून अर्क सहा ते दहापट पातळ करून तपासण्याची पद्धत संशोधकांनी सुचवली आहे आणि आम्ही ती पाळतो. वेग आवरण्यासाठी विद्युत-रासायनिक ऑक्सिडीकरणाचा सिरॅमिकसारखा थर पृष्ठभागावर चढवला आहे, पण आट्यांच्या टोकाशी तो पातळ पडतो आणि विरणे तेथूनच सुरू होते. तेव्हा आता आट्याचे टोक किंचित गोल केले आहे. त्याने पकड किती घटते, ते कळायचे आहे.

या बदललेल्या आट्याचे बारा स्क्रू गेल्या सोमवारपासून द्रावणात आहेत. इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी जोडली आहे. रोज सकाळी आठ वाजता बहीण ब्यूरेटमधील वायूची पातळी वाचून वहीत लिहिते, आणि बारापैकी कोणता एक बाकीच्या अकरांपेक्षा वेगळा वागतो आहे, ते पाहते. सातव्या क्रमांकाचा वेगळा वागतो आहे.