जोराच्या वाऱ्यात बोट कशी आहे ते कसं ओळखायचं

भाच्याला सेकंडहँड बोट घ्यायची होती, साधारण चौदा फुटी फायबरची डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, दोन शिडं, दोन माणसं. विकणाऱ्याने त्याला तीनदा सांगितलेलं की एकदम स्टेबल आहे, वाऱ्याची काळजीच करू नका. त्याने मला फोन केला, मावशी, स्टेबल आहे म्हणतोय, घेऊन टाकू ना? मी म्हटलं अजिबात पैसे देऊ नकोस, शनिवारी दुपारी वारा धरला की आपण दोघं ती बाहेर काढू, मग बोलू.

कारण जेट्टीला बांधलेल्या बोटीत पाय टाकला आणि ती फार हलली नाही की लोक तिला स्टेबल म्हणतात, आणि त्या गोष्टीचा जोराच्या वाऱ्याशी फारसा संबंधच नाही. रुंद, सपाट तळाची बोट सुरुवातीला हटून बसते, कलायला तयारच नसते, पण एका हद्दीनंतर विरोध संपतो आणि ती झटक्यात जाते. अरुंद, गोलसर तळाची बोट पहिल्या मिनिटापासून डुगडुगते, नवख्याला भीती वाटते, पण ती कलताना सांगत सांगत कलते, तुम्हाला बाहेर झुकायला, शीड सैल सोडायला वेळ देते. मला स्वतःला ही दुसऱ्या प्रकारची बोट कधीही जास्त विश्वासाची वाटते.

कीलबोटीचा हिशोब वेगळा, तिच्या पोटाखाली शिसं किंवा लोखंड असतं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात अभिलाष टॉमींची थुरिया आडवी झाली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला, पण गोव्यात बांधलेली ती ३२ फुटी बोट पुन्हा सरळ झाली आणि तरंगत राहिली. डिंगीला असलं वजन नाही. डिंगीत वजन म्हणजे आपण.

आणि वाऱ्याचं गणित लोक हमखास चुकतात. ८ नॉटचा (एक नॉट म्हणजे तासाला साधारण १.८५ किमी) वारा १६ नॉट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, वेगाच्या वर्गाने वाढतो तो. म्हणून सकाळच्या ८ नॉटमध्ये चक्कर मारून "मस्त चालते" म्हणणाऱ्याने बोट बघितलेलीच नसते. पाण्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस फुटायला लागला की १२ नॉटच्या आसपास धरा, तिथून पुढे खरी परीक्षा.

एप्रिलचा दुसरा शनिवार होता. मुंबईत या दिवसांत दुपारी पश्चिमेकडून, वायव्येकडून खारे वारे येतात, पण गेटवेसमोर ते सरळ येत नाहीत, कुलाब्याच्या इमारतींवरून उड्या मारत येतात. एक झोत, मग पोकळी, मग दुसरीच दिशा. अशा वाऱ्यात बोट बिचारी वेडीवाकडी वागते आणि तो दोष तिचा नसतो, म्हणून आम्ही आधी दक्षिणेकडे गेलो, कुलाब्याची जमीन संपून वारा सलग लागेपर्यंत. तिथे १६-१७ तरी असेल, आणि भरतीचं पाणी एका दिशेने, वारा दुसऱ्या, त्यामुळे लाट आखूड आणि उभी. मला हवी होती तशीच. क्लबची सेफ्टी बोट मागे होती, लाइफजॅकेट दोघांना, हे सांगायची गरज नसावी पण सांगते.

टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, मी आधी स्वतःकडे घेतला. जोराच्या वाऱ्यातली बोट हातालाच कळते, डोळ्यांना नंतर. वाऱ्याच्या तोंडावर चढत असताना गस्ट, म्हणजे वाऱ्याचा अचानक झोत, आली की बोट कलते, आणि कलली की शिडाचा सगळा ओढा एका बाजूला बाहेर जातो आणि नाक वाऱ्याकडे वळायला बघतं. थोडं वळणं चांगलंच, त्याला वेदर हेल्म म्हणतात, टिलर दोन बोटांत हलका ओढत असला पाहिजे, म्हणजे तुम्ही सोडलात तर बोट आपोआप वाऱ्यात तोंड घालून थांबेल. उलट झालं, टिलर सोडल्यावर नाक वाऱ्यापासून लांब पळालं, तर ती बोट मी १७ नॉटमध्ये कुणाच्याही मुलाला देणार नाही. आणि तिसरा प्रकार, जो या बोटीत होता, टिलर इतका ओढत होता की दहा मिनिटांत माझं मनगट भरून आलं, आणि मोठी गस्ट आली की रडर (सुकाणू) पूर्ण वळवूनही ती ऐकेना, फिरून वाऱ्यात उभी आणि शिडं फडफड फडफड.

भाचा म्हणाला, म्हणजे बोट खराब? मी म्हटलं थांब. दोघं चांगले बाहेर झुकून तिला सपाट केली, ओढ निम्मी झाली. सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी फळी) किंचित वर घेतला, तो फिरतो तेव्हा मागे जातो ना, अजून कमी झाली. मग मी शिडाकडे बघितलं आणि उत्तर तिथेच होतं. मेनसेल, म्हणजे मोठं शीड, जुनं, कापड ताणून ताणून मऊ पडलेलं, शीड ताणायच्या दोऱ्या सगळ्या करून बघितल्या, किकर ओढा, कनिंगहॅम ओढा, आउटहॉल ओढा, तरी मधलं पोट सपाट होईना, आणि वाऱ्याबरोबर तो फुगा मागे सरकत होता. असलं शीड बोटीला पुढे कमी नेतं आणि आडवं जास्त पाडतं. हल, म्हणजे बोटीचं अंग, मात्र सुंदर होती, लाटेवर आपटत नव्हती, नाक कोरडं ठेवत होती.

नंतर मी त्याला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट करून दाखवली, गस्टमध्ये बोट कललेली असताना मेनशीट, म्हणजे मोठं शीड धरून ठेवणारी दोरी, सोडून दिली. दोरी सर्रकन धावली पाहिजे, बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, बाहेर गेला पाहिजे आणि बोट श्वास सोडल्यासारखी सरळ झाली पाहिजे. झाली. मी यावर इतकी अडून बसते कारण काही वर्षांपूर्वी माझ्या बोटीची मेनशीट ऐन गस्टमध्ये क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या चापात, अडकली होती, झटका देऊनही सुटेना, दोन सेकंदांत आम्ही पाण्यात आणि पुढची वीस मिनिटं पालथ्या बोटीला धरून. तेव्हापासून कुठल्याही बोटीची क्लीट मी जमिनीवर नाही तपासत, ताणाखालीच तपासते.

वाऱ्याच्या तोंडावर चढताना वारा आहे त्याहून जास्त वाटतो, पाठीवर घेतला की बोटीचा वेग त्यातून वजा होतो आणि सगळं शांत शांत वाटायला लागतं. फसतात लोक ते तिथेच. पाठीवरच्या वाऱ्यात बोट डाव्या-उजव्या अंगाला झोके घेते का, पुढच्या लाटेत नाक खुपसते का, हे बघायचं, आणि मग जाइब, म्हणजे वारा पाठीवर असताना शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवणं. जाइबला सेंटरबोर्ड पूर्ण खाली ठेवलात तर बोट त्याच्यावर अडखळून पडते, अर्धा वर हवा. आम्ही तीन जाइब मारल्या, तिसरीला भाचा टिलरवर होता, जरा उशिरा सरळ केली पण बोटीने सांभाळून घेतलं.

शेवटी किनाऱ्याजवळ शांत पाण्यात मुद्दाम उलटी केली. हे विकणाऱ्याला आवडलं नाही, पण मी ऐकलं नाही. लवंडल्यावर ती लगेच पालथी होते की आडवी तरंगत थांबते, बोर्डापर्यंत हात पोचतो का, सरळ केल्यावर आत किती पाणी, आणि ते पाणी घेऊन ती चालते की तशीच पुन्हा लवंडते. ही आडवी थांबली, पहिल्या प्रयत्नात उठली, पण गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी घेऊन उठली आणि एका बाजूला जड. त्या बाजूच्या हवेच्या टाकीत पाणी शिरत होतं, झाकणाचं रबर गेलेलं.

आता वजन. भाचा ५८ किलोचा, त्याचा क्रू त्याहून हलका. लेझर नावाच्या एकट्याने चालवायच्या डिंगीची गोष्ट मी त्याला सांगितली, हल तीच, ४.२ मीटरची, पण शिडं तीन, ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर, ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे. म्हणजे बोट वाऱ्याला कशी आहे असा प्रश्न नसतोच, ही बोट या दोघांना घेऊन कशी आहे एवढाच असतो. माझ्या आणि त्याच्या वजनाने जी बोट १७ नॉटमध्ये सांभाळली ती त्या दोन पोरांना १३-१४ लाच भारी पडेल, आणि त्या मेनसेलवर रीफची, म्हणजे शीड खालून बांधून लहान करायची, सोय नव्हती.

घे म्हटलं मी त्याला, पण शिडाचे पैसे किमतीतून वजा करून. विकणारा थोडा कुरकुरला, मग तयार झाला. टाकीच्या झाकणाचं रबर बदलून झालं, क्लीट धुऊन मोकळी केली, नवीन मेनसेल शिवायला दिलंय आणि त्यात रीफचा एक पट्टा सांगितलाय. ते येईपर्यंत पांढरा फेस दिसला की दोघांनी मेन उतरवून नुसत्या जिबवर, म्हणजे पुढच्या छोट्या शिडावर, परत यायचं ठरलंय, आणि नुसत्या जिबवर ही बोट वळते कशी ते बघायला येत्या रविवारी मी पुन्हा त्यांच्याबरोबर जाणार आहे.